कॉफीआधीची न्याहारी

तुर्की भाषेत न्याहारीला 'काहवाल्ती' म्हणतात. शब्दाची फोड सोपी आहे. 'काहवे' म्हणजे कॉफी आणि 'आल्ती' म्हणजे खाली. रिकाम्या पोटी कडक कॉफी सोसत नाही, म्हणून तिच्या खाली पोटाला आधार म्हणून जे चार घास खायचे, ती काहवाल्ती. आपण 'चहाबरोबर काहीतरी' म्हणतो, तसंच हे 'कॉफीआधी काहीतरी'.

गंमत अशी, की आज या न्याहारीत कॉफी जवळजवळ नसतेच, चहा असतो. इस्तंबूलमध्ये 16व्या शतकाच्या मध्यावर कॉफीची दुकानं सुरू झाली आणि पुढची काही शतकं राज्य तिचंच होतं. ऑटोमन साम्राज्य गेलं, तसा कॉफी पिकवणारा येमेनही हातचा गेला. मग नव्या तुर्की प्रजासत्ताकाने काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागात चहाची लागवड वाढवली. आता दरडोई चहा पिण्यात तुर्कीचा क्रमांक जगात अगदी वरचा आहे. युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत तुर्की कॉफी 2013 मध्ये गेली आणि चहा 2022 मध्ये. न्याहारीचं नाव मात्र कॉफीच्याच खात्यावर राहिलं.

आपल्या इंदूरकरांना न्याहारीचं महत्त्व बाहेरच्याने समजावून सांगायची गरज नाही. सकाळी पोहे-जलेबी, वर सेव आणि जीरावन. छप्पन दुकान असो नाहीतर गल्लीतला ठेला, उभ्याउभ्या प्लेट रिकामी करायची आणि कामाला लागायचं. दहा मिनिटांचा कार्यक्रम. तुर्की न्याहारी याच्या नेमकी उलट. ती बसून करायची असते, आणि रविवारी दोन-तीन तास लागले तरी कुणी घड्याळाकडे बघत नाही. तुर्कीत रविवारला 'पाझार' म्हणतात. आपला 'बाजार' तो हाच. बाजाराचा दिवस तो पाझार.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही पाच जण इस्तंबूलला गेलो होतो. मी, बायको, माझी आई, सात वर्षांची थोरली आणि तीन वर्षांचा धाकटा. त्या सहलीतल्या मशिदी, राजवाडे आणि बाजार यांबद्दल माहिती सगळीकडे मिळते. मला लिहायचंय ते एका रविवारच्या न्याहारीबद्दल.

बॉस्फरसच्या काठावर रुमेली हिसारी नावाचा किल्ला आहे. दुसऱ्या मेहमेदने 1452 मध्ये तो काही महिन्यांत उभा केला आणि पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल घेतलं. सामुद्रधुनी इथे सगळ्यात अरुंद आहे, सुमारे 700 मीटर. पलीकडे आशिया दिसतो. किल्ल्याच्या पायथ्याला न्याहारीची दुकानं ओळीने आहेत. रविवारी तिथे पर्यटकांपेक्षा स्थानिक कुटुंबंच जास्त. आजोबा, आजी, दोन भाऊ, त्यांच्या बायका, बाबागाडीतलं तान्हं, टेबलाखाली लपलेली पोरं, असा सगळा गोतावळा.

आम्ही 'सेर्पमे काहवाल्ती' मागवली. सेर्पमे म्हणजे पसरलेली. नाव अगदी बरोबर आहे, कारण पाच मिनिटांत टेबलाचं लाकूड दिसेनासं झालं. एकेक पदार्थ छोट्या वाटीत किंवा बशीत. काळे ऑलिव्ह, हिरवे ऑलिव्ह, काकडी, टोमॅटो, तीन-चार प्रकारची चीज, अक्रोड घातलेली लाल मिरचीची चटणी, आंबट चेरीचा आणि अंजिराचा मुरांबा, गुलाबाच्या पाकळ्यांचा गुलकंदासारखा मुरांबा, लोणी, मध, तळलेली पुरीसारखी 'पिशी', पालक-चीज भरून तव्यावर भाजलेली 'गोझ्लेमे', आणि तीळ लावलेले गोल 'सिमित'. धाकट्याने पहिलं सिमित खाल्लंच नाही. बांगडीसारखं मनगटात घातलं आणि दुसरं मागितलं.

या पदार्थांमागे तिथला अख्खा भूगोल आहे. ऑलिव्ह एजियन समुद्राकडचे. म्हशीच्या दुधाची घट्ट साय, म्हणजे 'काय्माक', अफ्योन भागातली नावाजलेली. मक्याचं पीठ, लोणी आणि तार सुटणारं चीज यांचा 'मिहलामा' काळ्या समुद्राकडचा. पूर्वेला इराणच्या सीमेजवळच्या वान शहराला तर न्याहारीची राजधानीच मानतात. तिथलं रानभाज्या घातलेलं चीज प्रसिद्ध आहे, आणि भाजलेल्या गव्हाच्या पिठाचा 'कावुत' नावाचा पदार्थ आपल्या सातूच्या पिठाचा नातेवाईक शोभेल. 2014 मध्ये वानमध्ये 51,793 माणसं एकाच वेळी न्याहारीला बसली आणि गिनेसच्या पुस्तकात नाव गेलं.

मधोमध छोट्या तव्यात 'मेनेमेन' येतं. टोमॅटो, हिरवी मिरची आणि अंडी, तव्यातूनच पावाने खायचं. यात कांदा घालायचा की नाही, यावर तुर्कीत घराघरांत वाद आहेत. 2018 मध्ये वेदात मिलोर या खाद्यसमीक्षकाने ट्विटरवर कौल घेतला, तर चार लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं आणि कांदावाले अगदी थोडक्यात जिंकले. पोह्यात बटाटा असावा का, यावर ज्या घरात मतदान होऊ शकतं, तिथल्या माणसांना हे सहज समजेल.

थोरलीला त्या टेबलावर एक खेळ सापडला. वेटरने पांढऱ्या चीजकडे बोट दाखवून "पेयनीर" म्हटलं आणि ती ओरडली, "बाबा, पनीर!" दोन्हीकडे शब्द फारसीतूनच आला आहे. चव मात्र वेगळी. मिठाच्या पाण्यात मुरवलेलं ते चीज तोंडात टाकल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग ती मागेच लागली. बशीला काय म्हणतात? 'ताबाक', आपलं तबक. तव्याला? 'तावा'. बिलाला? 'हेसाप', म्हणजे हिशेब! दुकान 'दुक्कान', बदाम 'बादेम', हवा 'हावा'. बाबांना काय म्हणतात, तर 'बाबा'च. शेजारच्या टेबलावरच्या तान्ह्याच्या दुपट्याला निळा मणी टाचलेला होता. तो कशासाठी, तर 'नझार' लागू नये म्हणून. आईने लगेच मान डोलावली. यात तिला भाषांतराची गरज नव्हती.

खरी मजा नात्यांच्या शब्दांत होती. वेटर विशी-बाविशीचा असेल. त्याने आईला 'तेयझे' अशी हाक मारली. तेयझे म्हणजे आईची बहीण, मावशी. तुर्कीत मावशी तेयझे, आत्या हाला, काका आमजा, मामा दायी, वहिनीला येंगे. मोठा भाऊ आबी आणि मोठी बहीण आब्ला. अनोळखी माणसालाही यातलंच एखादं नातं लावून हाक मारतात. वेटरला आपण 'आबी' म्हणायचं, म्हणजे 'दादा'. वडिलांच्या आईला 'बाबाआन्ने' म्हणतात, सरळ 'बाबांची आई'. थोरलीला हा शब्द इतका आवडला, की त्या दिवशी आजीला तिने दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. इंदूरला सोसायटीतल्या प्रत्येक बाईला ती 'आंटी' म्हणते. आत्या आणि मावशी वेगळ्या का, हे तिला आम्ही कितीदा तरी सांगितलं होतं. परक्या देशातल्या एका वेटरमुळे ते तिच्या डोक्यात बसलं. परत आल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकू आता 'काकू' आहेत.

एव्हाना चहाचे दोन-दोन पेले झाले होते. तुर्की चहा बिनदुधाचा, कमरेत बारीक अशा काचेच्या पेल्यात येतो. दोन मजली किटली असते. खालच्या भांड्यात उकळतं पाणी, वरच्यात कडक कोरा चहा. दोन्ही मिसळून हवा तसा गडद किंवा फिका करायचा. लहान मुलांसाठी अगदी फिका, गार पाणी घालून कोमट केलेला चहा देतात, त्याला 'पाशाचा चहा' म्हणतात. तो मिळाल्यावर धाकटा पाशासारखाच बसला. पुरे झालं, की चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा. नाहीतर पेला भरतच राहतो.

आणि इथे माझं लक्ष आईकडे गेलं. ती दर दोन मिनिटांनी खुर्चीवरून अर्धी उठत होती. कुणाला काय हवं ते बघायला. पण द्यायला काही नव्हतं. सगळं सगळ्यांच्या हाताशी होतं. पाव संपला, की पाव येत होता. चहा तर न मागता. ती परत बसायची. मग थोड्या वेळाने तिने मध आणि सायीची बशी स्वतःकडे ओढली, पावाला दोन्ही लावलं आणि म्हणाली, "साय-साखर आहे रे ही! माझी आजी द्यायची." आणि तिने ती बशी संपवली. बायको माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आईंना असं पहिल्यांदा खाताना बघतेय. आपल्याबरोबर, गरम, आणि बसून."

हे वाक्य ज्या घरांना लागू होत नाही, त्यांनी खुशाल पुढे जावं. पण आपल्यातल्या बऱ्याच घरांत रविवारची न्याहारी कशी होते ते आठवून बघा. थालीपीठ, घावन, डोसे, उपमा. सगळं गरमच हवं. म्हणून एक जण तव्याशी उभी. आधी मुलं, मग पुरुष, मग पाहुणे, आणि शेवटचं मोडकं थालीपीठ तिचं, ओट्याशी उभ्याउभ्या. कुणी तिच्यावर जबरदस्ती करत नाही. "तू पण बस ना," असं सगळेच म्हणतात. पण तवा तापलेला असतो आणि पुढचं पीठ थापून झालेलं असतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सगळी कामं एकाच रांगेत लावलेली आहेत आणि रांग एका माणसातून जाते. तो माणूस कितीही चपळ असला, तरी तो स्वतः रांगेत शेवटी असतो. इथे प्रश्न प्रेमाचा नसतो. पदार्थच तसे निवडलेले असतात.

तुर्की न्याहारीत गरम असं फार थोडं असतं. अंडी, चहा आणि एखादी पोळी. बाकी सगळं आधी काढून ठेवता येतं. म्हणजे सगळे एकाच वेळी बसू शकतात. तीन वर्षांच्या पोरालाही हे सोयीचं. त्याच्यासमोर भरलेलं एक ताट नसतं, 'संपव' असा आग्रह नसतो. तो एक काकडी उचलतो, एक बदाम, मुरांब्यात बोट बुडवतो. अर्ध्या तासाने बघितलं तर पोट भरलेलं असतं आणि आपण मोबाइलवर एकही गाणं लावलेलं नसतं.

म्हणून तिथे सगळं आदर्श आहे, असंही नाही. तिथल्या घरांतही त्या पंचवीस वाट्या कुणीतरी भरतं आणि कुणीतरी घासतं, आणि बहुतेक ठिकाणी ते कुणीतरी म्हणजे घरातली बाईच. रविवारी इतकी कुटुंबं बाहेर का येतात, याचं निम्मं उत्तर यातच असावं. पण एक गोष्ट मला फार आवडली. जेवण बनवणाऱ्याला तिथे 'एलिने साअलिक' म्हणतात, 'तुझ्या हातांना आरोग्य लाभो'. आपल्याकडे पंगतीत शेवटी 'अन्नदाता सुखी भव' म्हणतात, त्याचाच भाऊ. फक्त तिथे ते रोजच्या साध्या ऑम्लेटलाही म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात.

लहान मुलांना घेऊन तुम्ही कधी तिकडे गेलात, तर काही कामाच्या गोष्टी सांगतो. सेर्पमेचा दर बहुधा माणशी असतो. मुलं असतील तर मोठ्यांपुरतीच मागवा आणि एक मेनेमेन वेगळं घ्या. नाहीतर निम्मं अन्न टाकलं जातं, आणि ते बघवत नाही. 'सुजुक' नावाचं सॉसेज बहुतेक गोमांसाचं असतं. ते नको असेल तर 'सुजुकसुझ' म्हणायचं. शब्दाला 'सुझ' किंवा 'सिझ' जोडलं, की 'शिवाय' असा अर्थ होतो. 'एतसिझ' म्हणजे मांसाशिवाय. कडक शाकाहारी असाल तर पारंपरिक चीजमध्ये प्राण्यांपासून मिळणारं विरजण असू शकतं, हे लक्षात ठेवा. ऑलिव्हमध्ये बी असते, ती काढूनच मुलाला द्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. तिळाची ॲलर्जी असेल तर आधी विचारा, तिथे तीळ सगळीकडे असतात. आणि चहाच्या पेल्याला कान नसतो, तो मुलांच्या हातापासून लांब ठेवा.

परत आल्यावर आम्ही घरी एक प्रयोग सुरू केला. महिन्यातून एक रविवार तवा तापवायचा नाही. आईचा पहिला आक्षेप अपेक्षितच होता, "गरम नाही तर न्याहारी कसली?" मग आम्ही आपल्याच घरातले न तापवता चालणारे पदार्थ मोजायला बसलो, आणि यादी आमच्या अंदाजाच्या दुप्पट झाली. दडपे पोहे. आदल्या रात्री केलेले धपाटे, ते गारच चांगले लागतात. लोणी, घट्ट दही, लसणाची चटणी, दाण्याची चटणी, मेतकूट. काकडी, टोमॅटो, गाजर. मुरांबा, गूळ-तूप, साय-साखर. उकडलेली अंडी, घरचं पनीर, केळी, आणि वर अर्थातच सेव-जीरावन. तुर्की न्याहारीत 'ताहीन पेकमेझ' असतं, तिळाचं वाटण आणि द्राक्षाची काकवी. बायकोने तिळाच्या कुटात पातळ गूळ घालून तेच केलं. थोरली म्हणाली, "हा तर संक्रांतीचा जॅम आहे." तेच नाव आता घरात रूढ झालं आहे.

हिशेब मात्र शेवटी येतोच. पहिल्या रविवारी बायकोने सगळं झाल्यावर टेबलाकडे बघून विचारलं, "वाट्या किती झाल्या?" एकोणीस. प्रश्नाचा रोख सगळ्यांनाच कळला. तव्याशी उभं राहणं संपलं आणि सिंकशी उभं राहणं सुरू झालं, तर त्यात मिळवलं काय? म्हणून नियम ठरला. मांडायचं काम शनिवारी रात्री आईने आणि बायकोने सांगायचं, मी आणि थोरलीने करायचं. रविवारी घासायचं मी, पुसायचं थोरलीने. धाकट्याकडे चमचे मोजायचं काम आहे. ते रोज वेगवेगळे भरतात.

पाच महिने झाले. पहिल्या दोन वेळा आई सवयीने उठलीच, एकदा मीठ आणायला आणि एकदा उगाच. सवय एवढ्यात सुटत नाही. मग मीठ आम्ही दोन ठिकाणी ठेवलं. चहाचा थर्मास तिच्या नाही, माझ्या बाजूला असतो. गेल्या रविवारी गप्पांच्या भरात तिने बघितलंही नाही, नुसता कप पुढे केला आणि म्हणाली, "अर्धाच दे."

तुमच्याकडचे न तापवता चालणारे पदार्थ जरूर कळवा. आमच्या टेबलावर अजून थोडी जागा आहे, आणि वाट्या घासायला मी आहेच.